बिघडलेली

बारच्या मालकांनी वाइनच्या एका बाटलीच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवली आणि तिच्यावर ठळक लिहिलं, ‘बिघडलेली. उघडू नये.’ बाटली ठणठणीत होती, निदान मालकांची तशी समजूत होती. चार वर्षांपूर्वी बारची पहिली स्वयंपाकीण आजारी आईकडे निघून गेली, तेव्हा ही बाटली हातात देऊन म्हणाली होती, "ही मी परत आल्यावर उघडू. दोघं." आई केव्हाच बरी झाली. ‘कधी येतेस?’ एवढंसं वाक्य मालकांनी फोनवर शंभरदा लिहिलं आणि शंभरदा पुसलं. बाटली मात्र जिवापाड जपली. परवा नव्या वेट्रेसने ती जवळजवळ उघडलीच होती, म्हणून ही चिठ्ठी.

आता दुसरा कुठला बार असता, तर चिठ्ठी वाचून लोक लांब राहिले असते. पण इथे मिळायची ती नैसर्गिक वाइन, काही न घालता, न गाळता, द्राक्षांच्या मर्जीने झालेली. जितकी गढूळ आणि जितका तिला तबेल्याचा वास, तितकी गिऱ्हाइकं खूश! रात्री अकराला बार ऐन रंगात आला, छोट्या छोट्या बशांतून भाजलेलं बीट आणि लोण्यातली अळंबी फिरू लागली, आणि रोज येणारे दातांचे डॉक्टर मान उंच करून फळीवरच्या चिठ्ठीवाल्या बाटलीकडे बघू लागले.

"मालक, ती कितपत बिघडलीय हो?"

"साफ बिघडलीय, डॉक्टर. विचारूच नका."

"साफ?" डॉक्टरांचे डोळे लकाकले. "आणि आम्हाला इतके दिवस नुसती गढूळ पाजताय होय!"

"खास ओळखीच्यांसाठी लपवून ठेवतात!" शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. झालं! लोक काट्याने बशा बडवायला लागले. डॉक्टर तर स्टुलावरच चढले. मालकांनी बाटली खेचली, छातीशी धरली आणि स्वयंपाकघरात धूम ठोकली.

समोर ओट्यावर व्हिनेगरची बरणी होती. उरलीसुरली वाइन साठवून, कांदे मुरवायला केलेलं व्हिनेगर. मालकांनी देवाचं नाव घेतलं आणि त्यातून काचेचा जग भरला.

डॉक्टरांनी घोट घेतला. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. सगळा बार पुढे वाकला.

"दात आंबले," डॉक्टर हळूच म्हणाले. "तीस वर्षं दात बघतोय, पण असे आंबलेले नाही पाहिले. वा!"

डॉक्टरच वा म्हणाल्यावर वाईट म्हणायची कुणाची छाती? जग तीनदा भरावा लागला. शिवाय कुणीतरी बाटली घेऊन पळणाऱ्या मालकांचा फोटो इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं, ‘अखेर बिघडलेली उघडली!’

पुढच्या तीन रात्री लोकांनी दुसरं काही मागितलंच नाही. चौथ्या रात्री मालक बरणीचा तळ खरवडत होते, तेवढ्यात मागचं दार उघडलं. दारात ती, चार वर्षांपूर्वी गेलेली स्वयंपाकीण. खांद्यावर बॅग, नाक लाल.

"उघडलीस ना? माझ्याशिवाय?" ती म्हणाली. "फोटो बघून सहा तास गाडीत बसून आलेय, फक्त भांडायला!"

"अगं, ते कांद्याचं व्हिनेगर होतं!"

"माझं व्हिनेगर? मी लावलेलं? तेही संपवलंस?"

मालकांनी पिठाच्या डब्यामागून बाटली काढून ओट्यावर ठेवली. बुचाचं मेणसुद्धा तसंच होतं. तिने त्या मेणावरून बोट फिरवलं.

"चार वर्षं ही सांभाळलीस. मग एकदा ‘ये’ म्हणायला काय झालं होतं रे?"

"नाही म्हणाली असतीस तर? मग वाट कुणाची बघायची?"

"वेडा आहेस," ती म्हणाली. "मी तिकडे फोन उशाशी घेऊन झोपायचे."

मालकांनी बूच काढलं. थोडी वाइन ओट्यावर सांडली. दोन पेले भरले. मालकांनी घोट घेतला आणि त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. चिठ्ठीवर लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

त्यांनी चोरून तिच्याकडे पाहिलं. तिने एक हात गालावर दाबून धरला होता आणि पेला मात्र तळापर्यंत रिकामा केला होता.

बाहेरून डॉक्टरांचा आवाज आला, "मालक, बिघडलेली आहे का थोडी?"

तिने चटकन बाटली पदराआड घेतली. "संपली म्हणावं," ती म्हणाली आणि पेला पुढे केला. "ओत अजून."