बोट चार माणसांची

उदगीरच्या मोंढ्यात पाण्याच्या मोटारी आणि पाइप विकणाऱ्या मलप्पांनी पौषातल्या एका सकाळी लिंगपूजा आटोपली, कपाळाला विभूती लावली आणि लेकीच्या शाळेच्या सामानातून उरलेला एक मोठा ड्रॉइंगचा कागद शोधून काढला. त्यावर त्यांनी फूटपट्टी धरून गोदावरी काढली. नदी काही फूटपट्टीने काढायची चीज नव्हे. पण सगळा जन्म सरळ पाइप विकण्यात गेलेला, त्यामुळे त्यांच्या हातची गोदावरीसुद्धा तीन इंची पाइपासारखी सरळसोट आली. तिच्या काठाने त्यांनी गावं लिहिली, गावांपुढे वेळा लिहिल्या आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं : ‘जलप्रवास. चार दिवस. फक्त दोघं.’

हे खूळ त्यांच्या डोक्यात दिवाळीआधी शिरलं होतं. पुतण्याला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सोडून परतताना ते धरणाच्या वरच्या अंगाला किशनरावांच्या रानात थांबले. किशनराव त्यांचं जुनं गिऱ्हाईक. दोघं जण विहिरीच्या मोटारीवर बोलत बसले, तेवढ्यात मलप्पांच्या बायकोने, उमादेवींनी, चपला काढून पाण्यात पाय सोडले. पंधरा मिनिटं त्या तशाच पाय हलवत बसल्या. मग म्हणाल्या, “इथं चार दिवस नुसतं बसून राहावं वाटतंय. कुणाला वाढायचं न्हाई, कुणाचं काढायचं न्हाई.”

मलप्पा चपापले. बत्तीस वर्षांच्या संसारात या बाईने काही मागितलेलं त्यांना आठवेना. ती कुणाच्या बारशाला गेली तरी पाव तासात पोळपाटापुढे बसलेली दिसायची. पाहुणी म्हणून जायची आणि घरच्यांना वाढून शेवटच्या पंगतीला जेवायची. त्यामुळे मलप्पांनी तिथल्या तिथे मनाशी ठरवलं, की या बाईला चार दिवस पाण्यावर न्यायचं आणि तिच्या हाताला काम म्हणून लागू द्यायचं नाही.

धरणाचं पाणी उतरलं की काठावरच्या मोटारी सरकवाव्या लागतात. त्या कामासाठी किशनरावांकडे एक लहानशी इंजिनवाली बोट होती. ती त्यांनी चार दिवसांसाठी खुशाल देऊ केली. मलप्पांनी दुकानातल्या पाइपांचा सांगाडा करून तिच्यावर छप्पर चढवलं, छपराला शेतातली हिरवी जाळी ताणली, नांदेडहून पाण्यात घालायची दोन फुगीर जाकिटं आणली आणि लागोपाठ दोन रविवार जाऊन इंजिन चालवायला शिकले. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस बायकोसाठी एवढं करतो, याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण नंतर त्यांनी जे केलं, ते आपल्याकडचाच माणूस करू जाणे. घरच्यांना काळजी नको म्हणून त्यांनी तो तक्ता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

दहाव्या मिनिटाला पहिला फोन आला. उमादेवींचा मावसभाऊ शिवशंकर. त्याचं गाव गोदाकाठी.

“दाजी, तक्ता बघितला. बोट सकाळी साडेनवाला आमच्या गावाखालून जाणार म्हणून लिवलंय.”

“हाव.”

“जाणार म्हंजे? थांबणार न्हाई?”

“अरे, आमी पाण्यातून चाललो. तुझं घर वर गावात.”

“पाण्यातनं जावा न्हाई तर इमानातनं जावा. बहीण गावावरनं गेली आन् माझ्या घरचं पाणी पेली न्हाई, हे कळल्यावर गाव माझ्या तोंडात शेण घालंल.”

“बरं बाबा. चहा घेऊ.”

मराठवाड्यात चहा घेऊ म्हणणं म्हणजे काय, हे मलप्पांना माहीत नव्हतं असं नाही. चहाच्या आधी पोहे येतात, चहानंतर ‘आता सैपाक झालाच हाय’ येतं. पण शब्द गेला तो गेला. त्यांनी साडेनऊच्या पुढे ‘चहा’ लिहिलं. ते ग्रुपवर दिसल्याबरोबर पुढच्या गावचा साडू, त्याच्या पुढच्या गावचे चुलते आणि पलीकडच्या काठावरची मानलेली बहीण, सगळ्यांचे फोन आले. शिवशंकरकडे थांबता आणि आमच्याकडे नाही, ही कुठली रीत?

दुपारी नायगावहून व्याह्यांचा फोन आला. लेक अक्षरा त्यांच्या घरात दिलेली, तेव्हा मलप्पा उभं राहून बोलले.

“मलप्पा, वाईट वाटलं,” व्याही म्हणाले.

“काय चुकलं आमचं?”

“तक्त्यात आमचं नावच न्हाई.”

“अहो, नायगाव नदीवर न्हाई ना.”

“त्यात आमचा काय दोष?”

मलप्पांनी नायगाव नदीवर आणलं. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी बोट एका घाटाला लावायची, तिथे व्याह्यांची जीप येईल, नायगावला जेवण करून संध्याकाळी परत बोटीत. मलप्पांच्या गुरम्मा आत्याचं मागणं त्या मानाने साधं होतं. “तुमी चाललाच हाव, तर मला लेकीच्या गावापातुर सोडा. माझं पिठाचं पोतं बी येईल.” तिला जागा दिल्याचं कळताच आणखी तीन जणांनी आपापले टप्पे कळवले. एकाने तर जाता जाता माहूर करून या, म्हणून सुचवलं. माहूर डोंगरावर आहे आणि बोट डोंगर चढत नाही, हे मलप्पांनी त्याला शांतपणे समजावून सांगितलं.

आठवड्याभरात तक्ता एसटी स्टँडावरच्या वेळापत्रकासारखा दिसायला लागला. मलप्पांनी बेरीज मांडली. चार दिवसांत बोट चालणार सव्वादोन तास, जेवणं तेरा, आणि पंगतीत जाणारा वेळ एकोणीस तास. त्यात प्रत्येक घरी खण, टॉवेल आणि नारळ. किशनरावांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

“मालक,” ते म्हणाले, “बोट चार माणसांची हाय. नारळ धरून न्हाई.”

मलप्पांना नारळांचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे तेरा चुली आल्या. तेरा स्वयंपाकघरं आणि प्रत्येकात ‘राहू द्या वैनी, मी लाटते’ म्हणत पोळपाट पुढे ओढणारी उमादेवी. चार दिवस बाईला बसवायला निघालो आणि जिल्हाभर भाकरी थापायला लावून राहिलो, या विचाराने त्यांना रात्रीची झोप लागेना. मग त्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. ते खोटं बोलले. ‘बोटीचं इंजिन बिघडल्यामुळे प्रवास रद्द,’ असं त्यांनी ग्रुपवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला किशनरावांचा फोन आला. “मालक, तुमचे कोण संगमेश देगलूरहून आलेत. गॅरेजवाले. संगं दोन मिस्त्री हायत. इंजिन खोललंय.”

“अरे पण ते चांगलं होतं!”

“आता लईच चांगलं झालंय,” किशनराव म्हणाले.

संगमेश उमादेवींच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याने झळकणाऱ्या इंजिनाचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘दाजी, निघा बिनघोर’, आणि त्याखाली हात जोडल्याची छत्तीस चित्रं जमा झाली.

त्या दुपारी मलप्पा दुकान सोडून घरी आले आणि खाटेवर बसले. उमादेवी समोर करडईची भाजी निवडत होत्या. इतक्या दिवसांत या प्रवासाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

“माझ्यानं न्हाई झालं,” मलप्पा म्हणाले. “तुला चार दिवस द्यायचे होते. सगळ्यांनी वाटून घेतले.”

उमादेवींनी भाजीची एक जुडी संपवली. “येळवशीला आपल्या रानात किती माणसं होती?”

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी या भागातली गावं ओस पडतात आणि रानं भरतात. पंधरा दिवसांपूर्वीच झाली होती. “असतील साठ,” मलप्पा म्हणाले.

“ती घरी जेवायला आली न्हाईत म्हणून कोण रुसलं?”

“रानात जेवल्यावर घराचं कशाला काढतील?”

“तेच म्हणून राहिले मी. किशनरावांच्या रानात दुसरी येळवस करू. तुमाला ज्यानं ज्यानं जेवायला बोलवलं, त्यानं आपल्या घरी रांधायचं आन् तिथं आणून मला खाऊ घालायचं. तेरा घरांचं एका दुपारी. मग कुठल्या तोंडानं कोण म्हणंल, माझ्याकडं जेवली न्हाई?”

“आन् तू तिथंबी वाढत बसशील.”

“रानात चूल न्हाई, ओटा न्हाई. जाऊ कुठं?” उमादेवी म्हणाल्या आणि दुसरी जुडी सोडायला घेतली.

मलप्पा बायकोकडे बघत राहिले. आठवडाभर कागद खोडून, फोन करून, खोटं बोलून त्यांना जे जमलं नव्हतं, ते या बाईने भाजी निवडता निवडता उलगडून ठेवलं होतं. अशा बाईला आपण बत्तीस वर्षं नुसता किराणा किती लागेल एवढंच विचारत आलो, याची त्यांना लाज वाटली.

रविवारी किशनरावांच्या रानात सत्तर माणूस जमलं. ज्वारीच्या कडेने सतरंज्या पडल्या. तेरा घरची कडधान्या-भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, कुणाच्या पुरणपोळ्या आणि ताकातल्या आंबिलीचे सहा माठ मधोमध मांडले गेले. उमादेवी म्हणाल्या तेच खरं झालं. चूल कुणाचीच नव्हती, त्यामुळे तिथे कुणी कुणाची सून नव्हती. बायका पाय पसरून बसल्या आणि पाण्याचे तांबे पुरुषांना फिरवावे लागले. उमादेवींपुढे तर रांग लागली. शिवशंकरने स्वतःच्या हाताने खीर वाढली. नायगावच्या विहीणबाईंनी पोळीवर तूप सोडलं आणि ‘आमच्याकडचं जेवण पोचलं’ म्हणून चारचौघांत सांगितलं. आहेर, नारळ सगळं संगमेशच्या जीपमध्ये गेलं. मलप्पांना हे बघून भरून आलं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि उठले.

“बरं, येतो आमी.”

“कुठं?” गुरम्मा आत्याने विचारलं.

“बोटीत.”

“जेवल्या जेवल्या? जरा आंग टाका. चहा घ्या. मग बघू.”

“आन् चहा घेतल्यावर अंधारच पडंल,” शिवशंकर म्हणाला. “आज मुक्काम माझ्याकडं करा. सकाळी निघा.”

“सकाळी कशाला? सकाळी आमच्याकडं धपाटे,” पलीकडून साडू म्हणाला.

मलप्पा पुन्हा सतरंजीवर बसले. उमादेवींनी मात्र वाद घातला नाही. “खरंय,” त्या म्हणाल्या, “एवढी घाई कशाला? आंबील उरलीय, तेवढी संपवा.” आणि माठ पुन्हा एकदा फिरला.

भज्जीवर दुसऱ्यांदा आंबील प्यायलेला माणूस उन्हात बसून किती वेळ जागा राहतो, ते ज्याने त्याने आठवून बघावं. अडीचला आत्या लवंडली. पावणेतीनला व्याही घोरायला लागले, त्यांच्यामागोमाग शिवशंकर. तीनच्या सुमारास सत्तर माणसं बाभळीच्या सावलीत आडवी झाली होती. जागे होते ते फक्त किशनराव. त्यांनी हाताने खूण केली, जावा.

दोघं चपला हातात घेऊन पाण्यापाशी गेले. उमादेवी बोटीत चढल्या, मागून मलप्पा. त्यांनी इंजिनाची दोरी हातात घेतली आणि तसेच थांबले. संगमेशने दुरुस्त केल्यापासून ते इंजिन असं काही फटफटायचं, की धरणाच्या भिंतीवरचे बगळे उठायचे. एक ओढ दिली, की सत्तर माणसं उठून चहाला बसणार.

“झालं,” मलप्पा कुजबुजले. “संपलं सगळं.”

उमादेवींनी बोटीच्या तळाला पडलेलं वल्हं उचललं. पदर कमरेला खोचला. वल्ह्याने काठाला एक रेटा दिला आणि बोट न कुरकुरता पाण्यावर सरकली. मग त्या बसल्या आणि एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने वल्हं मारायला लागल्या. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मलप्पांचं तोंड उघडं ते उघडंच.

“तुला हे येतंय?”

“माहेरी मांजरा नदीच्या पल्याड आमचं रान. पूर आला की गुळाच्या काहिलीत बसून जायचं. वल्हं माझ्याकडं असायचं. माझ्या बापाला पाण्याचं लई भ्या.”

“कधी बोलली न्हाईस.”

“तुमी मोटारी इकता. मी वल्हं सांगून काय करू?”

रान मागे पडलं. सतरंज्या लहान दिसायला लागल्या, मग बाभळीच दिसेनाशा झाल्या. उमादेवींच्या कपाळावर घाम आला होता आणि चेहऱ्यावर जे हसू होतं, ते मलप्पांनी लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं. किती देखणी दिसते ही, असं त्यांच्या मनात आलं आणि या वयात असं मनात आल्याबद्दल ते स्वतःशीच लाजले. त्यांनी पुन्हा दोरीला हात घातला.

“आता लावू का इंजिन?”

“राहू द्या. मला मजा येऊन राहिलीय. तुमी त्या अंगाला सरकून बसा, बोट कलायलीय.”

मलप्पा सरकून बसले. त्यांचा तक्ता, वेळा, बायकोच्या हाताला काम लागू न देण्याचा बेत, सगळं वाहून गेलं होतं आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. थोड्या वेळाने उमादेवींनी वल्हं आडवं ठेवलं.

“भूक लागली,” त्या म्हणाल्या.

“एवढ्या तेरा घरचं जेवून?”

“ते पाहुण्यांच्या समाधानासाठी जेवले. पिशवीत धपाटे हायत बघा.”

मलप्पांनी डबा काढला. ताटली पुसली, तिच्यात दोन धपाटे ठेवले, बाजूला शेंगांची चटणी आणि दही वाढलं, आणि ताटली बायकोपुढे धरली. त्यांनी तिला वाढायची ही पहिलीच वेळ. उमादेवींनी पाय पाण्यात सोडले आणि सावकाश जेवल्या. दोन संपले तसा मलप्पांनी तिसरा पुढे केला.

“बास आता,” त्या म्हणाल्या.

“असं कसं?” मलप्पा म्हणाले. “माझ्याकडं पहिल्यांदा जेवून राहिलीस. एक तरी घेच.”