काकासाहेबांचं हॉटेल आणि सरकारी खुंट्या

"रस्ता माझ्या हॉटेलासमोरूनच जाणार! लिहून घ्या!"

काकासाहेब चावडीवर हे रोज ऐकवत. वाळूजला कारखाने उभे राहत होते आणि खुलताबादकडून तिकडे जाणाऱ्या राज्य रस्त्याची आखणी चालू होती. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादानं चावडी तापली, तरी काकासाहेब मधेच विचारत, "ते ऱ्हाऊ द्या, रस्त्याचं काय झालं?" विचारणारच! बायकोच्या पाटल्या मोडून त्यांनी पत्र्याचं हॉटेल उभारलं होतं. रस्ता हुकला असता तर घरात त्यांना चहासुद्धा मिळाला नसता.

शेवटी रस्ता मोजणारे साहेब आले. हॉटेलच्या अंगणाला लागून लाल डोक्याच्या खुंट्या सरळ रांगेत ठोकून गेले. काकासाहेब हवेत! त्या खुशीत त्यांनी सोनाजी धनगराला खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलावलं.

सकाळी ते तांब्या घेऊन बाहेर पडले आणि जागीच थबकले. खुंट्यांची रांग गायब! रानाच्या मधोमध त्याच खुंट्या छान गोल उभ्या होत्या.

"सोनाजी! ह्यो काय तमाशा?"

सोनाजीची बायको बानाबाई पुढं झाली. "मेंढरांभोवती वाघूर लावायची व्हती. जाळी हाय, पण आमच्या खुंट्या मोडल्या. ह्या आयत्या घावल्या. जाळी सोडली, पण तुमची यक खुंटी नेली नाय बरं का!"

"अवो, आता रस्ता रानातल्या रानात गिरक्या घेईल की!"

तेवढ्यात साहेबांची जीप आली. ती थांबायच्या आत काकासाहेब तिला आडवे गेले. "साहेब, मेंढरांनी घोळ केलाय. समदं नव्यानं मोजा!"

साहेब हसले. "कशाला? जुनी भोकं दिसतायत. त्यातच ठोकू."

"नाय! भोकांचा काय भरवसा? नकाशा काढा! यक इंच इकडंतिकडं चालायचं नाय!"

नकाशा निघाला, साखळी पसरली. मोजता मोजता साहेबांचा चेहरा उतरला.

"काकासाहेब, लाज वाटते सांगायला. मागच्या वेळी आमचंच मोजमाप चुकलं होतं. तुम्ही हट्ट धरलात म्हणून कळलं!"

मग नव्या खुंट्या ठोकल्या गेल्या. एक अंगणात, एक हॉटेलच्या दारात, एक भट्टीपाशी आणि एक थेट मोरीत. साहेबांनी काकासाहेबांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "असे जागरूक शेतकरी गावोगावी पाहिजेत!"

जीप गेली. काकासाहेब भट्टीजवळच्या खुंटीकडे बघत बसून राहिले. त्यांना रडू येत होतं आणि समोर बायको उभी असल्यामुळं रडताही येत नव्हतं. सोनाजीनं घोड्यावर बिऱ्हाड लादलं, तसे ते धावत गेले. आवाजात अगदी लोणी!

"सोनाजीराव, येवढी काय घाई? आजच्या दिस ऱ्हावा की. वाघूर आत हॉटेलातच लावा. खुंट्या बी तयार हायत."

बानाबाईनं घोड्यावरचा भारा थोपटला.

"नगं बाबा! आमच्या मालकांनी सकाळधरनं बाभळीच्या नव्या तासल्यात. सरकारी खुंटीला आता आमी हात लावायचो नाय!"