मऊ की कडक?

गेले तीन आठवडे गादीवाले काका गिऱ्हाइकाला "मऊ हवी की कडक?" असं विचारायचे आणि उत्तर यायच्या आतच कुठेतरी हरवून जायचे. हाच प्रश्न त्यांना स्वतःलाही पडला होता. गादीचा नव्हे, ट्रकच्या पुढच्या स्प्रिंगांचा.

ट्रक वडिलांच्या काळातला, छोटा, निळा. आठवडाभर गाद्या पोचवायचा आणि रविवारी मैदानावरच्या शर्यतीत उतरायचा. प्लॅस्टिकचे शंकू मांडलेले असत. त्यांच्यामधून नागमोडी, झटपट जायचं, एकही न पाडता. पण वळण आलं की ट्रक असा कलंडायचा, जणू कुशीवर वळून झोपतोय. चार-पाच शंकू आडवे व्हायचे आणि काका शेवटून पहिले यायचे.

"दाजी, कडकच घ्या," मेकॅनिक मेहुणा म्हणाला. "मऊवर गाडी लोळते."

"आणि खड्ड्यात माझी हाडं?"

"मग आधी कडक गादीवर झोपून बघा!"

मेहुणा चेष्टेत बोलला, काका खरंच झोपले. दुकानातली सगळ्यांत कडक गादी, छातीवर स्प्रिंगांचं माहितीपत्रक. डोळे मिटताच ट्रक पाण्यावरच्या पानासारखा शंकूंमधून तरंगत निघाला. त्याच गुंगीत त्यांनी स्प्रिंगांची ऑर्डर द्यायला पत्रकावरच्या नंबरला फोन लावला.

"इंजिन कुठलं? लहान की मोठं?" पलीकडून विचारणा झाली.

स्वप्नात सगळंच भव्य होतं. "मोठं," काका म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी स्प्रिंगा बसल्या. मेहुण्याने जॅक काढला, पण स्प्रिंगा मोठ्या, जड इंजिनाच्या आणि ट्रकचं इंजिन लहान, हलकं; नाक काही खाली येईना.

"बसतील हळूहळू," मेहुणा म्हणाला आणि नजर चुकवून हात पुसू लागला.

सकाळी मैदानावर काकांनी समोर पाहिलं. बॉनेट आणि त्यावर आभाळ. शंकू नावाची वस्तू कुठे दिसेल तर शपथ!

"सरका," म्हणत काकू हेल्मेट चढवून शेजारी बसल्या आणि खिडकीतून मान बाहेर काढली. "चला. डावीकडे... अहो, डावीकडे! घड्याळाचा हात!"

काका आभाळाकडे बघत चाक फिरवत राहिले. ढग पिंजलेल्या कापसासारखे सरकत होते. काकूंचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. ट्रक कलंडला नाही, धावलाही नाही, नुसता विहरला.

एकही शंकू पडला नव्हता. वेळ मात्र इतका लागला, की पंचांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. काका पुन्हा शेवटून पहिले.

"उद्याच बदलून आणतो," मेहुणा ओशाळून म्हणाला.

"बदलायच्याच," काकू म्हणाल्या. त्यांचे गाल लाल झाले होते. "पण कुठल्या, ते मी ठरवणार. आणि पुढच्या रविवारी गाडी मी चालवणार."

"मग मी काय करू?"

"बसा की शेजारी!"

काका भांडायच्या बेतात होते. तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, चाक हातात नसलं तर आभाळ किती निवांत बघता येईल!

"बरं," ते म्हणाले. "फक्त नाक फार खाली आणू नकोस."