भोईरकाकांच्या निवट्या

आमच्या मनवेलपाड्यातल्या सोसायटीत दर रविवारी सकाळी निवट्यांची पाटी यायची आणि गेटवरच संपायची. संपायची म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे भोईरकाका ती सगळीच्या सगळी घेऊन टाकायचे. एकटा जीव, पोट पाठीला लागलेलं. हा माणूस एवढ्या निवट्या रिचवतो कुठे, यावर बिल्डिंगमध्ये कायम चर्चा चालायची.

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा, डोळे वर काढून बघणारा बोटभर मासा. दिसायला अगदी ध्यान, पण तिखटामिठात परतला की भाकरी कमी पडते. मी मूळची मालवणची, समुद्राच्या माशांवर वाढलेली, तरी विरारला आल्यावर या चिखलातल्या ध्यानाच्या प्रेमात पडले. त्यामुळे काकांवर माझा खास राग होता. त्यातून पाटीवाल्या गोदाताई त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहीण, म्हणजे वशिलाही पक्का.

तसे काका विक्षिप्तच. चहाचा शेवटचा घोट त्यांनी कधी घेतला नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा ग्लास समोर ठेवून त्याच्याकडे एकटक बघत बसायचे. बाकीची पंगत हात धुऊन यायची. "वरचं सोडा हो, तळाला काय बसलंय ते सांगा," हे त्यांचं पालुपद. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीबद्दल त्यांनी हे विचारलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे नव्या सेक्रेटरींची ओळख करून दिली, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. सेक्रेटरी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

माझी लेक दीपा बाळंतपणाला आली आणि तिला नेमके निवट्यांचे डोहाळे लागले. बाजारात मिळेनात. रविवारी काका पिशवी घेऊन जिना चढत होते, तेव्हा मी आडवी उभी राहिले.

"काका, आज वाटाभर तरी द्या. दीपासाठी हव्यात."

"नाही."

"अहो, पोटुशी बाई मागतेय!"

"म्हणूनच नाही."

माझं डोकं फिरलं. मी सरळ पिशवीला हात घातला. त्यांनी ओढली, मी ओढली, आणि पिशवी फाटून निवट्या जिनाभर झाल्या. काही जिवंत होत्या, त्या टुणटुण उड्या मारत खाली निघाल्या. एरवी मी हसून लोळले असते. पण काका पायरीवर गुडघे टेकून एकेक निवटी वेचत होते. मांजर आलं तसे ते त्याच्यावर असे ओरडले, की दारं उघडून माणसं बाहेर आली.

सगळ्या वेचून झाल्यावर मला म्हणाले, "या माझ्याबरोबर."

बिल्डिंगच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत एक लादी होती. ती त्यांनी सरकवली. खाली खड्डा, खड्ड्यात चुना. सगळ्या निवट्या त्यांनी त्यात लोटल्या, वरून पुन्हा चुना टाकला आणि लादी बसवली.

"तुमच्या बाथरूममधले नळ चकाकतात ना?" काका म्हणाले. "तसल्या नळांना मुलामा द्यायच्या गाळ्यात सुपरवायझर होतो मी. मुलाम्याच्या टाकीतलं रसायन खराब झालं की खालचा व्हॉल्व्ह उघडायचा, पाणी नाल्यात. नाला खाडीत. उघडा म्हणून सांगणारा मीच. पुढे खाडीचा चिखल तपासून आणला. क्रोमियम, निकेल, शिसं. सगळं काही माझं नाही. पण माझंही आहे. आणि ही निवटी त्याच चिखलात राहते, त्यातच चरते."

"मग गोदाताईंना सांगा ना!"

"आई गेल्यावर तिने निवट्या विकून मला शिकवलं. शिकून मी काय केलं, हे कुठल्या तोंडाने सांगू? कोणाच्या पोटात जाऊ नयेत म्हणून सगळ्या घेतो. तिला वर घरीही बोलावत नाही. वर आली तर स्वतः रांधून माझ्यासमोर ताट ठेवेल."

त्या दिवशी मी दीपाला घोळीच्या भाजीवर भागवायला लावलं. तिने तोंड वाकडं केलं, पण मी ऐकलं नाही.

पुढच्या रविवारी काकांना खाली यायला जरा उशीर झाला, म्हणून मी गोदाताईंपाशी उभी राहिले. सत्तरी उलटलेली बाई, पोटऱ्यांवर चट्टे उठलेले.

"या वयात अजून धंदा करता?" मी विचारलं.

"धंदा कसला, बाय! तो कवाच सोडला. गुडघाभर चिखलात पाय रुततो, वर काढवत नाय. पन आमच्या दामूचा, माज्या ह्या भावाचा, जीव हाय निवट्यांवर. त्याच्यासाठी उतरते."

हा घेतो म्हणून ती आणते, आणि ती आणते म्हणून हा घेतो! त्याच दुपारी मी काकांना सगळं सांगितलं. ते सोफ्यावर बसले. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे तिला त्या विषात मीच उतरवतोय."

आठवडाभर ते दिसले नाहीत. रविवारी मात्र गोदाताई यायच्या आधीपासून गेटवर उभे होते, रिकाम्या हाताने. मी जिन्याच्या तोंडाशी थांबले.

त्यांनी तिला सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, नाला, खाडी, खड्डा. मान खाली घालून, एका दमात. वॉचमनसुद्धा खुर्चीवरून उठून उभा राहिला.

गोदाताईंनी पाटी जमिनीवर ठेवली.

"इतकी वर्सं एक पन निवटी खाल्ली नाय तू?"

"नाही, ताई."

"एक पन नाय?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

गोदाताईंनी पदराने हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिल्या. "मंग आता रईवारी मी कशाला येऊ?"

आम्हा सगळ्यांसमोर हा तिरसट माणूस हमसून हमसून रडायला लागला. मलाही रडू आवरेना.

गोदाताई पुढे झाल्या. त्याच पदराने त्यांनी भावाचं तोंड खसाखसा पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं.

"गप. लोक बघतात," त्या म्हणाल्या. "घरात तांदूळ हायेत का? चल वर. पेज टाकते."