वरच्या फ्लॅटमधली पार्टी मी कशी उधळली

वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मला जगातलं काहीच अवघड वाटेनासं झालंय. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आई म्हणाली, "मी कामावरून येईपर्यंत वरच्या फ्लॅटवर लक्ष ठेव," तेव्हा मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "मी असताना तिथे पार्टी? शक्यच नाही!"

वरचा फ्लॅट आमचाच. आई तो पाहुण्यांना दोन-चार दिवसांसाठी भाड्याने देते आणि त्यावरच आमचं घर चालतं. पण काही पाहुणे गरीब गायीसारखे चेहरे करून किल्ली नेतात आणि मग गावभरचे मित्र गोळा करून नाचतात! फ्लॅटच्या बरोबर खाली, आमच्या शेजारी, एक काका राहतात. त्यांना मांजर शिंकलेलंही ऐकू येतं. त्यांच्या दोन तक्रारी झाल्या होत्या. तिसरी आली की सोसायटी फ्लॅट भाड्याने देणंच बंद करणार होती!

म्हणून आईने तिथल्या हॉलमध्ये आवाज ओळखणारं यंत्र लावलं. गोंगाट झाला की लाल दिवा लागतो, यंत्र केकाटतं आणि आईच्या नि माझ्या मोबाइलवर निरोप येतो. शिवाय दाराबाहेर कॅमेरा, तोही मोबाइलवर दिसतो.

"अगं, नीट ऐक," आई चपला घालता घालता म्हणाली, "आजचे पाहुणे जरा..."

"कळलं गं! जा तू!"

"पुरतं ऐकून तरी..."

"आई, उशीर होतोय तुला!"

दुपारी मोबाइल घेऊन बसले. आधी एक बाई आणि एक आजोबा आत गेले. ठीक. मग एक जोडपं. मग पिशव्या घेतलेला एक घोळका. मग एक टकलू माणूस, भलंमोठं खोकं ढकलत! स्पीकर! दाराबाहेर चपलांचा असा ढीग, जणू आत सेल लागलाय.

पण यंत्र गप्प. एवढी माणसं आणि हूं नाही की चूं नाही? माझी ट्यूब पेटली. लबाडांनी यंत्रावर पातेलं उपडं घातलं असणार! स्वतःच्या हुशारीने माझ्या अंगावर काटाच आला.

खेळाच्या तासाची शिट्टी गळ्यात घातली, जादा किल्ली घेतली, धाडधाड जिना चढले, दार उघडलं आणि बक्षीसपात्र आवाजात गरजले, "पार्टी बंद!"

वर शिट्टीही फुंकली. लांबलचक.

आत सगळे गोल करून बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर पाटी. मधोमध खोक्यातून निघालेली आरामखुर्ची आणि तिच्यात गळ्याला पट्टी बांधलेले, नुकताच डोळा लागलेले आजोबा. ते दचकून उठले, "को..." म्हणून तोंड उघडलं आणि घरातल्या झाडून सगळ्यांनी झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात दाबले!

"घशाचं ऑपरेशन झालंय गं," ती बाई रडवेली होऊन कुजबुजली. "आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. समोरचा बोलला की बाबांना उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही, म्हणून भेटायला येणारेही सगळे पाटीवर लिहितात. एवढी माणसं येतील, चालेल ना, असं तुझ्या आईला विचारलं होतं मी."

तेवढ्यात यंत्राने, ज्यावर पातेलं वगैरे काही नव्हतं, केकाटायला सुरुवात केली. खालचे काका बनियनवरच धावत आले.

"कोण बोंबललं?"

सगळ्यांनी फक्त माझ्याकडे बोट दाखवलं. आजोबांनी पाटीवर लिहून ती उंच धरली: "हिला माझ्या डॉक्टरकडे न्या."

निरोप तिच्याही मोबाइलवर गेल्यामुळे आई कामावरून धापा टाकत आली. आल्या आल्या तिने आजोबांची माफी मागितली, मग काकांपुढे हात जोडले. "तिसरी तक्रार करू नका हो. पोरीला समज नाही." मला तिच्याकडे बघवेना. मी चपलांच्या ढिगाकडे बघत राहिले. माझी एक चप्पलही त्यातच पडली होती.

काकांनी आजोबांची पाटी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "पाहुण्यांबद्दल तक्रार नाही, वहिनी. असे पाहुणे बारा महिने ठेवा! फक्त हे यंत्र चुकीच्या घरात लागलंय."

तेव्हापासून ते यंत्र माझ्या अभ्यासाच्या टेबलाच्या वर लटकतंय आणि निरोप काकांच्या मोबाइलवर जातो. आत्ता ही गोष्ट कशी वाटते म्हणून मी जराशी मोठ्याने वाचून बघत होते.

थांबा हं, बेल वाजतेय.