एका सुराचा अखंड पुरवठा

चांदूर रेल्वेजवळच्या कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्यात हसनैन आणि प्राजक्ता यांच्या रॉक बँडचा स्टुडिओ होता. त्यांच्या अल्बममध्ये एकच गाणं होतं आणि गाण्यात एकच सूर. गिटार आणि हार्मोनियमवर तो चाळीस मिनिटं न तुटता धरायचा, एवढाच प्रयोग. तो अकरा वेळा तुटला, कारण लोडशेडिंगला संगीतातलं काही कळत नव्हतं. सर्वांत लांब तुकडा निघाला एकोणीस मिनिटांचा.

दोघांनी वीज कार्यालयात चाळीस मिनिटांच्या अखंड पुरवठ्यासाठी रीतसर अर्ज केला. शेती, उद्योग, धार्मिक कार्य यांपैकी कुठल्याच रकान्यात तो बसेना, म्हणून उपअभियंता खुशालराव स्थळपाहणीला आले. लाईन अर्थातच गेलेली होती. हसनैननं एकोणीस मिनिटांचा तुकडा बॅटरीवरच्या भोंग्यावर लावला.

पाचव्या मिनिटाला शेजारच्या वावरातले नत्थुजी धापा टाकत आले.

"साहेब, डीपी तं गुणगुणून राहिली, मंग माही मोटर काहून चालू नाही होऊन राहिली?"

लाईन असली की ट्रान्सफॉर्मरची डीपी अशीच गुणगुणते. खुशालरावांनी एकदा भोंग्याकडे पाहिलं, एकदा नत्थुजींकडे. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना संगीत आवडलं.

"मोटर जयली असन तुमची. वाइंडिंग करून घ्या."

नत्थुजी आभार मानून गेले.

"साहेब, ते डीपी नाही, आमचा अल्बम हाय!" प्राजक्ता म्हणाली.

"त्याइले डीपी ऐकू आली ना, ताई? मंग झालं तं."

पंधरा दिवसांत तालुक्यातल्या सदतीस मुक्या डीपींवर तोच सूर वाजवणारे भोंगे बसले. तक्रारी शून्यावर आल्या. वाइंडिंगच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. कार्यालयाला उत्कृष्ट सेवेचं प्रशस्तिपत्र मिळालं. अल्बम तेवढा अर्धाच राहिला.

हसनैन पुन्हा कार्यालयात गेला. "साहेब, आता तरी चाळीस मिनिटं लाईन द्या."

"तुमच्या जिनिंगजवळची डीपी वाजून राहिली का नाही?"

"वाजते. पण ते तं आमीच वाजवून राहिलो!"

"वाजते ना? मंग लाईन हाय." खुशालरावांनी शेरा मारला : पुरवठा सुरळीत. अर्ज निकाली.

संतापानं लाल होऊन हसनैन स्टुडिओत परतला, तर प्राजक्ता अँप्लिफायर खोलून बसलेली.

"डीपी तं मस्त वाजून राहिली," ती म्हणाली, "आपलीच वायर तुटली असन."

हसलात ना? मागच्या आठवड्यात तक्रारीसाठी फोन लावून, 'कृपया प्रतीक्षा करा'ची धून ऐकत वीस मिनिटं तुम्हीच थांबला होतात. आणि वाटत होतं, चला, काम सुरू झालं.