तांबड्या कड्याखालील रसदबंदीची हकीकत

ज्या मुलखात देव कोणता हे ठाऊक नाही परंतु वेग किती हे पाटीवर लिहिले आहे, त्या अमेरिका देशी, युटा प्रांती, सांता क्लाऱ्याहून दोन गाड्यांची फौज चालोन आली, तिचे वर्तमान येणेप्रमाणे.

सरलष्कर श्रीरंगराव, पेशाने संगणकी मुत्सद्दी. त्यांचा शिरस्ता ऐसा की, पॉइंट आला की उतरावे आणि फोटो काढावा आणि मग ‘चला चला’ करोन दरकूच पुढे. दिवस मावळण्यापूर्वी हॉर्सशू बेंड नामे नदीचे वळण सर करावे ही खाशी मसलत.

मागल्या गाडीत परीक्षितराव आणि त्यांचे कुटुंब आश्लेषाबाई. बाई नागपुरी भूशास्त्र शिकलेल्या; दख्खनचा काळा कातळ हातोडीने फोडोन वाचीत. मग लग्न जाहले आणि आश्रिताचा व्हिसा आला आणि सरकारी हुकूम सुटला की यांनी चाकरी करू नये. हातोडी गेली, लाटणे आले. कोणास झोंबो: साऱ्या फौजेच्या पोळ्या या बाईने लाटल्या, आणि वाट ठरविताना तिला एकानेही पुसले नाही.

झायन नामे डोंगरी उद्यानातला बोगदा ओलांडला आणि बाईंच्या काळजात कळ उठली. तांबूस कडे, त्यांवर तिरप्या रेघा. कोट्यवधी वर्षांमागे वाऱ्याने रचिलेल्या वाळूच्या टेकड्या तशाच दगड होऊन बसलेल्या. जन्मभर पुस्तकात पाहिले ते काचेपलीकडे पळत होते.

“परीक्षित, थांब ना. हात लावायचाय मला.”

परीक्षितरावांनी फोनवरोन सरलष्करांस अर्ज गुजारला. जबाब आला: “यार, हा पॉइंटच नाहीये! दगड काय, पुढे पण आहेत. सनसेट मिस होईल. वहिनींना म्हण गूगल करा.”

परंतु सरलष्करांची अक्कल एके ठायी चुकली होती. पोळ्या, धपाटी, दहीभात, शेंगदाण्याची चटणी, चहाचा थर्मास, ऐशी सगळी रसद बाईंच्या पायापाशी होती. फोन स्पीकरवरच होता. त्यात बाईंचे फर्मान सुटले: “जेवण वाढीन तर इथेच. नाहीतर आज डबा उघडणार नाही. गॅस स्टेशनवर चिप्स खा.”

पुढल्या गाडीत हाहाकार उडाला. श्रीरंगरावांची कन्या रेणू गर्जली, “डॅड, जस्ट स्टॉप! आयॅम स्टार्व्हिंग!” आणि खाशा पत्नी प्रीतावहिनी फितूर जाहल्या: “श्री, गाडी बाजूला घे. घे म्हणते ना!”

मग सरलष्करांचा उजवा दिवा लुकलुकला.

डबे उघडले आणि फौज तुटोन पडली. बाई जेवल्या नाहीत. कड्यापाशी गेल्या आणि तळवा टेकविला आणि एका रेघेवरोन बोट हळू खाली आणिले. म्हणाल्या, “वारा उत्तरेकडून वाहत होता.”

परीक्षितराव धपाटे हाती घेऊन मागे उभे. “तुला कसं कळलं?”

“मी हेच शिकलेय, परीक्षित. तुला माहीत होतं.”

इतक्यात सरलष्करांनी ‘चला’ म्हणावयास तोंड उघडले, तो परीक्षितरावांनीच दटाविले, “थांब रे. तिचं होऊ दे.”

सूर्यास्त हातचा गेला. बाईंनी वरल्या थराकडे मोर्चा वळविला. सबब नमूद केले की, त्या दिवशी फत्ते आश्लेषाबाईंची जाहली आणि खरकटी भांडी सरलष्करांनी उचलली. घडले तैसे लिहिले. ज्यास मान्य नसेल त्याने आपल्या पोळ्या आपण लाटाव्या.